आठवी केबल

माझ्या गिटारची सगळी यंत्रं मी एका लोखंडी रॅकमध्ये बसवली आहेत. वर प्रीअँप, मधे इफेक्टचं यंत्र, तळाशी पॉवर अँप्लिफायर. खाली चाकं लावली आहेत. खामगावात असा रॅक दुसऱ्या कोणाकडे मी पाहिलेला नाही, आणि गणेशला तो पहिल्या दिवसापासून खुपत होता.

गणेश आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक. गातो, कीबोर्डही वाजवतो. बारा वर्षं आम्ही एका स्टेजवर होतो. यंदा त्याने गिटारऐवजी लॅपटॉपवरचा ट्रॅक लावायचं परस्पर ठरवलं, आणि ते मला ढोलकीवाल्याकडून कळलं. विचारायला गेलो तर म्हणाला, जळगाव जामोदचा प्रोग्राम तुझा शेवटचा. तोही त्या डब्याची घरघर बंद झाली तर.

घरघर होती हे खरं. मी इथल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे दोष यंत्रांचा नसून बाजारातल्या तयार केबलींचा आहे, हे मला माहीत होतं. गिटारचा सिग्नल फार नाजूक असतो. तो नेणाऱ्या तारेभोवती तांब्याची दाट जाळी लागते, नाहीतर ती आजूबाजूच्या विजेची गुणगुण ओढून घेते. रॅकच्या आत वीत-दीड वीत लांबी पुरते. मी चांगल्या केबलचं एक रीळ मागवलं आणि त्यातून आठ तुकडे कापले. सात आखूड, रॅकच्या आतले. आठवा पंधरा फुटी, गिटारपासून रॅकपर्यंतचा. सगळ्यांची टोकं एकाच दुपारी, एकाच हाताने सोल्डर केली.

आमची तालीम एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये चाले. तुळयांवर अजून रुई चिकटलेली आहे. एप्रिलचे दिवस, पत्रा तापून तडतडत होता. मी एकेक केबल लावून ऐकली. सात चांगल्या निघाल्या. आठवी लावली तेव्हा वाटलं, सोल्डर सुटलं, कारण स्पीकरमधून काहीच येईना. तार छेडली तर सूर स्वच्छ आला. हात उचलला की पुन्हा शांत. मी मुद्दाम अर्थिंग काढून पाहिलं. अशा वेळी रॅक भुणभुणायलाच पाहिजे. पण स्पीकर मुकाच राहिला.

असं होत नाही. तरी मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी वाजवताना बोटं अडखळायला लागली. सूर माझ्या बोटाच्या आधी येतोय असं वाटत होतं. मी दोन मार्गांचा रेकॉर्डर लावला. एका मार्गावर तारेजवळ धरलेला माइक, दुसऱ्यावर रॅकमधून येणारा आवाज. यंत्रांतून फिरून आलेला आवाज थोडा उशिरा यायला हवा. तो चाळीस मिलिसेकंद आधी आला होता.

घरी सुचिताला सांगितलं. माझी बायको शाळेत गणित शिकवते, उगाच घाबरणाऱ्यातली नाही. तिने रेकॉर्डिंगचा आलेख पाहिला आणि रेकॉर्डरचे दोन मार्ग उलटसुलट लागले असतील, अदलाबदल करून पाहा, म्हणाली. मी केली. फरक पडला नाही. उलट बुधवारी अंतर अर्ध्या सेकंदावर गेलं होतं.

गुरुवारी दुपारी मी गोडाऊनमध्ये एकटाच होतो. गिटार स्टँडवर, केबल लावलेली. स्पीकरमधून लाकडावर बोट वाजवल्यासारखं ऐकू आलं. टक, टक, टक. अंतर मोजायला मी गिटारवर अशीच बोटं वाजवायचो. मी ठरवलं, आता वाजवायचीच नाहीत. हात पाठीमागे बांधले आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिलो.

एक मिनिटही झालं नव्हतं. दार ढकलून गणेश आत आला.

"काऊन बे, गिटार आता नुस्ती पाहाची ठरवलं का?" म्हणाला, आणि स्टँडवरच्या गिटारवर त्याने तीनदा बोट वाजवलं.

या वेळी स्पीकरमधून काही आलं नाही.

मी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं. टकटक आधीच ऐकू आली होती हेही, आणि ती होऊ नये म्हणून मी काय ठरवलं होतं तेही. तो ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा आवळत गेला. त्याचा प्रोग्राम बुडवायला मी हे नाटक रचलंय, असं त्याचं म्हणणं पडलं. उद्या माझ्यासमोर करून दाखव, म्हणाला, नाहीतर रॅक उचल आणि नीघ.

शुक्रवारी तीन वाजता तो आला. मी रेकॉर्डर चालू केला. दोघंही गिटारपासून लांब, भिंतीला टेकून बसलो. बराच वेळ काही झालं नाही. गणेश मोबाइल पाहत होता.

मग स्पीकरमधून माणसं बोलायला लागली.

माझ्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग, जुना आहे. त्याच्याजवळ मोठ्याने बोललं तर तो आवाज धरतो, पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आवाज दोन होते. एक गणेशचा.

"बारा वर्सं पोसलं म्या तुले."

दुसरा माझा. "पुन्हा म्हण."

गणेशने तेच पुन्हा म्हटलं. मग स्टँड फरशीवर घासला गेला. काहीतरी जड पडलं, आणि गिटारच्या सहाही तारा एकदम झणझणल्या.

त्यानंतर स्पीकरमधून ना त्याचा आवाज आला, ना माझा. तारा घुमत राहिल्या.

मी उठून स्पीकर बंद केला. गणेश भिंतीला धरून उभा राहिला होता. तो माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता, हातांकडे पाहत होता.

"हे कवाचं हाय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मले माहीत नाही. पण मी असं काही करणार नाही, हे ठरवलं तर झालंच की.

"त्या टकटकीच्या वक्ती बी तू हेच ठरवलं होतं."

तो पाठ न दाखवता दारापर्यंत गेला. बाहेर पडताना म्हणाला, आता माझ्यासमोर येऊ नको. त्याची मोटरसायकल दूर गेल्याचं ऐकू आल्यावर मी कटर घेतलं आणि केबलचे बोटभर तुकडे केले. आत साधं तांबं होतं. जाळीही साधी, सोल्डरही साधंच.

रॅक आणि गिटार तिथंच टाकून, फक्त रेकॉर्डर खिशात घालून मी घरी आलो.

शनिवारी संध्याकाळी मी हेडफोन लावून बसलो. स्पीकर मी बंद केला होता, पण रेकॉर्डर चालूच होता. केबल कापेपर्यंत त्यात आणखी चार-पाच मिनिटं भरली होती.

तारा विरल्या. मग श्वास ऐकू आला. एकाच माणसाचा.

खूप वेळ तेवढाच.

मग पत्र्याचं दार करकरलं. चपलांचा आवाज जवळ येऊन थांबला. मग सुचिता बोलली. स्वयंपाकघरात मला काहीतरी सांगते तितक्याच सावकाश.

"पहिले दार लावून घ्या."

त्याच्यापुढे केबल कापल्याचा खटका होता.

मी हेडफोन काढला. सुचिता पदराला हात पुसत खोलीच्या दारात उभी होती. म्हणाली, तुमचा दोघांचा अबोला मले पाहवत नाही, म्हणून मीच गणेशभाऊंना फोन केला. ते यायला तयार नव्हते, खूप समजवावं लागलं. उद्या बारा वाजता गोडाऊनवर येतात. रॅकही आणायचाच आहे, समोरासमोर बसा आणि मिटवून टाका.

"मी पण येते मागून, शाळेचे पेपर तपासून झाले की," ती म्हणाली. "जाल ना?"

मी नाही म्हणणार होतो.

"बरं," असा माझाच आवाज मला ऐकू आला.