वालू बेचं बेवारस मशीन

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. हे माझ्या जाऊबाईंच्या बाबतीत घडलंय, आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत.

रात्रही नव्हती हो. भर दुपार. आमच्या बेटांवरच्या सुवा शहरात, वालू बे धक्क्यावर, बोटींच्या कंपनीचं ऑफिस.

जाऊबाई, म्हणजे लिटिया, तिथे कॉम्प्युटर सांभाळतात. कंपनीचा सगळा कारभार क्लाउडवर जाणार होता. ऑफिसातली मशीनं मोडीत, सगळं दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर. त्याआधी कंपनी तयार आहे का, हे लिटियांनी तपासायचं होतं. कुठलं मशीन कुणाचं, बंद केलं तर कुणाचं अडेल.

सगळ्या मशीनांचे मालक सापडले. एक सोडून.

कोपऱ्यात, धुळीत... गुरगुर करत चालू होतं.

तिकीटवाले म्हणाले, आमचं नाही. हिशेबवाले म्हणाले, आमचं नाही.

सोबत काम करणारा आपिसाई हसला. "ताई, बंद करून टाका. ज्याचं असेल तो बोंबलत येईल की!"

या कॉम्प्युटरवाल्या लोकांची पद्धतच आहे ती. बेवारस मशीन बंद करायचं आणि कोण तक्रार करतं ते बघत बसायचं.

लिटियांनी बटण दाबलं.

गुरगुर थांबली...

फोन वाजला नाही. कुणी आलं नाही. आपिसाईने चहा आणला. "बघा, कुणाचं काही अडलं? लिहा 'तयार' आणि व्हा मोकळ्या."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतला वायरलेस खरखरला.

त्या खोलीत कुणीच नव्हतं.

मग टाळ्या... पोकळ हातांच्या, संथ. थोरामोठ्यांपुढे बोलण्याआधी आम्ही वाजवतो तशा.

आणि आवाज.

"आज आमची हजेरी का घेतली नाहीत?"

आपिसाईच्या हातातला चहा सांडला. "को... कोण बोलतंय?"

"सिगा वौ."

अगं बाई! ती बोट कोरो समुद्रात नाहीशी झाली तेव्हा माझ्या धाकट्याला दात येत होते. आता तो रग्बी खेळतो. ना फळकूट सापडलं, ना माणूस. तिच्यावर माझे थोरले दीर होते. वाइसाके, लिटियांचे यजमान.

त्या मशीनचं काम एवढंच होतं, हे मागाहून कळलं. रोज वायरलेसवरून प्रत्येक बोटीला हाक मारायची. गेलेल्या बोटीचं नाव त्यातून कुणी काढलंच नव्हतं.

"लिटी..." आता आवाज वेगळा होता. "चालू कर गं. हाक आली नाही की आम्हाला दिशा कळत नाही."

"ताई, हात लावू नका!" आपिसाई ओरडला. "ते तुमचे नाहीत!"

पण बायकोला आवाज ओळखू येणार नाही का? त्या रडत रडत धावल्या. बटण दाबलं.

गुरगुर सुरू झाली. वायरलेस गप्प झाला. त्या दिवसापुरता.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'तयार नाही.' साहेब भडकले, कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी माणसं घरी येऊ देत." नोकरी जाता जाता वाचली. आपिसाई मात्र परत कामावर आला नाही. मशीन अजून तिथेच आहे.

जाऊबाई रोज दुपारी त्या वायरलेसपाशी बसतात. घरी आल्या की कसाव्याचे कंद उकडताना सांगतात, आज ते काय म्हणाले. माझ्या नवऱ्याचे डोळे भरून येतात. सख्खा भाऊ आहे ना.

आमचं घर अगदी पाण्याला लागून आहे.

काल जाऊबाई हसत हसत आल्या. "अगं, ते म्हणाले, रात्री आपल्या दारातला दिवा दिसला."

मला आनंद व्हायला हवा ना? मी मात्र उठून दाराला कडी घातली.

आता संध्याकाळ झालीय. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, "दिवा लाव गं."

माझा हातच उठत नाहीये...