काचेचा धागा आणि थंड कॉफी

"दोन पावलं डावीकडे सरका, आनिसा. तिथं रेंज येते."

रनीम दचकलीच. 'आनिसा' म्हणजे बाई, म्हणजे तीच. आवाज वरून आला होता. गच्चीवर तर ती एकटीच होती... म्हणजे ती, वाळत घातलेल्या चादरी, आणि फोनमध्ये अडकून पडलेले फिनलंडचे एक आजोबा.

आजोबा तिच्याकडे अरबी शिकत होते. आज 'ऐन' अक्षर होतं. घशाच्या अगदी तळातून काढायचं. आजोबांनी त्यासाठी आ वासला आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. आता फोनभर नुसता त्यांचा जबडा.

तिनं वर पाहिलं. गल्लीतल्या विजेच्या खांबावर, कमरेला पट्टा अडकवून, एक तरुण लटकला होता. रापलेला चेहरा, कानामागे पेन्सिल, खांद्यावर काळ्या वायरीचं वेटोळं. गच्चीच्या कठड्यापासून हाताच्या अंतरावर.

"तुम्ही कधीपासून ऐकताय?"

"ऐन सुरू झाल्यापासून. आजोबांच्या घशात अडकला वाटतं."

"घशात नाही. नेटमध्ये."

"तेच म्हणतोय. डावीकडे."

रनीम मुद्दाम उजवीकडे सरकली. होता तेवढा जबडाही गेला. मग मुकाट्यानं डावीकडे आली, आणि फोनमधून एकदम "ऐऽऽन" असा आवाज फुटला. खांबावरचा पोरगा खुदकन हसला. तिलाही हसू आलं, पण शिकवताना हसायचं नसतं म्हणून तिनं ओठ चावला.

तास संपला तरी तो तिथंच होता.

"ही कसली वायर ओढताय?"

"फायबर. तुमच्या गल्लीत आलं बघा."

"म्हणजे आमच्या फोनच्या तारेसारखंच की."

"छे. तुमची तार तांब्याची. तिच्यातून वीज पळते, आणि लांब पळाली की दमते. ही आतून काच आहे. केसाएवढी बारीक. हिच्यातून उजेड पळतो. उजेड सहजासहजी दमत नाही."

त्यानं वायरीचं टोक तिच्याकडे धरलं. ती वाकून बघायला गेली तसा त्यानं हात झटकन मागे घेतला.

"टोकात डोळा लावायचा नाही हं. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला लागतो."

"न दिसता लागतो? असं कुठं असतं?"

"असतं की," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, पट्टा घट्ट करायला लागला. पट्टा आधीच घट्ट होता.

त्याचं नाव यझन. हे तिला खालून कुणीतरी हाक मारली तेव्हा कळलं.

रनीमला नेट हवं होतं ते मजेसाठी नाही. शिकवणी चालवणाऱ्या संस्थेनं सांगून टाकलं होतं... पुढच्या रविवारी नव्या वर्गाची चाचणी, चित्र पुन्हा अडकलं तर वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला. आणि बाबांनी, म्हणजे अबू जाफरनी, त्यांचा तोडगा सांगितला होता. "अम्मानला मामाकडे राहा. तिथं नेट पळतंय." सल्त गाव सोडायचं? ही पिवळ्या दगडांची उतरण, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण, ही गच्ची?

"कसं मिळतं हे?" तिनं विचारलं.

"विजेच्या मीटरवरचा नंबर कंपनीला कळवा. जवळ आमची जोडणीची पेटी आहे का ते त्यावरून बघतात. हो म्हणाले की वेग निवडायचा. सगळे खाली येणारा वेग विचारतात. तुम्ही वर जाणारा विचारा. तुमचा चेहरा फिनलंडला वर जातो ना."

"माझ्या चेहऱ्याची तुम्हाला का काळजी?"

"मला कुठं," तो खांबावरून उतरत म्हणाला. "आजोबांना."

तिनं त्याच दिवशी नंबर कळवला. उत्तर आलं, तुमच्या भागात सोय नाही.

दुसऱ्या दिवशी यझन खांबावर दिसताच ती कठड्याशी गेली. "डोळ्यांसमोर वायर लटकतेय आणि तुमची कंपनी म्हणते सोय नाही."

"मीटर कुठाय?"

"खालच्या दाराशी."

यझननं कपाळावर हात मारला. सल्तच्या घरांना दोन दारं. एक खालच्या गल्लीत, दुसरं वरच्या. "पेटी वरच्या गल्लीत, मीटर खालच्या गल्लीत. कंपनीला वाटतंय तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहता. शेजारच्यांचा नंबर घ्या, वरच्या दारावाल्यांचा. सांगा, आम्ही यांना चिकटून आहोत."

या वेळी हो आलं. रनीम एकेक पायरी गाळत जिना उतरली, आणि खाली बाबा उभे होते.

"माझ्या भिंतीला भोक पडणार नाही," बाबा म्हणाले. "हा दगड माझ्या बापानं खांद्यावर आणला."

"बाबा, करंगळीएवढं भोक."

"करंगळीएवढंही नाही. अम्मानला जा."

बुधवारी यझन आला तो ड्रिल घेऊन, आणि दाराशीच त्याला भिंतीचं पुराण ऐकावं लागलं. तो मान हलवत राहिला. आता हा परत जाणार... आणि रनीमला एकदम आठवलं.

"सोबा!" ती ओरडलीच. "वरच्या खोलीतला सोबा!"

सोबा, म्हणजे जुनी रॉकेलची शेगडी, कधीच काढून टाकली होती. पण तिच्या धुराड्याचं भोक भिंतीत तसंच होतं, तिच्या भावाचा, जाफरचा, जुना स्वेटर कोंबलेला. जाफर कुवेतला गेला, स्वेटर इथंच राहिला. तिनं तो ओढून काढला. भोकातून एकदम ऊन आत आलं, आणि उन्हामागून, बाहेरून वरच्या गल्लीत पोचलेल्या यझनचा डोळा.

"टोकात डोळा लावायचा नाही म्हणाला होतात ना," ती म्हणाली.

"वायरीच्या," तो म्हणाला. "हे धुराडं आहे."

बाबांना आता बोलायला जागाच उरली नाही. ते खुर्ची घेऊन देखरेखीला बसले. यझन जमिनीवर मांडी घालून काचेचा धागा सोलत होता, श्वास रोखून. आई कॉफी घेऊन आली. नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं कप घेतला, आणि हात मोकळे हवेत म्हणून तसाच, घोटही न घेता, समोरच्या टेबलावर ठेवला.

आई ट्रे घेऊन तिथंच थबकली.

मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी न पिता खाली ठेवतो. घरातला मोठा माणूस 'प्या' म्हणाला की मागणं मान्य. हे सल्तमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी रनीमकडे. रनीमनं स्वेटरकडे.

बाबांनी घसा साफ केला. "बोल बाळा. काय मागणं आहे?"

"मागणं कसलं अम्मो," यझन धाग्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात की हिला आजच घेऊन जातो खाली."

आईच्या हातातला ट्रे खणखणला.

"आजच?"

"उशीर कशाला? फक्त हिला फार वाकवायचं नाही. वाकवली की आतला उजेड सांडतो."

"हे तू मला शिकवतोस?" बाबांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत हिला या घरात कुणी वाकवलेलं नाही."

"इतक्या वर्षांत?" यझननं गोंधळून वर पाहिलं. "मी तर सकाळीच आणली."

बाबांनी नुसतं बोट केलं, कपाकडे. यझननं कप पाहिला, मग आईला, मग रनीमला. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत लाल होत गेला, आणि झडप घालून त्यानं अख्खा कप एका दमात रिकामा केला, गाळासकट.

"वायर, अम्मो! वायरीचं बोलत होतो!"

बाबा खोकला लागेपर्यंत हसले. आईही हसली, जरा हिरमुसून. रनीम तर पोट धरून हसत जिन्यावर आली... आणि मधल्या पायरीवर तिचं हसू कुठंतरी सांडलं.

मागणं नाही हे दाखवायला इतक्या घाईनं प्यायला? गाळासकट?

खाली घरातल्या नव्या पेटीवरचा लाल दिवा विझला, हिरवा लागला. "पुन्हा लाल झाला तर उजेड पोचत नाहीये असं समजा," यझन जाताना जमिनीला सांगत होता. "फोन करा."

"तुम्हाला?"

"...कंपनीला."

रविवार आला. सात चेहरे, सात देश, एकही थिजला नाही. शेवटी पाहुणे म्हणून आलेल्या फिनलंडच्या आजोबांनी असा ऐन काढला की आई स्वयंपाकघरातून धावत आली, कोण गुदमरलं बघायला. संध्याकाळी निरोप आला, वर्ग तुमचा. बाबांनी अम्मानचं नाव पुन्हा काढलं नाही.

तिला हे आधी एकाच माणसाला सांगायचं होतं. पण सांगायला निमित्त हवं ना. हिरवा दिवा आपला शहाण्यासारखा जळत होता. मेल्यानं एकदा तरी लाल व्हावं.

मंगळवारी ती चादरी काढायला गच्चीवर गेली, आणि खांबावर तो.

"आमची काही तक्रार नाही," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग?"

"तेच तपासायला आलो. तक्रार का नाही."

वाऱ्यानं चादर दोघांच्या मध्ये आली. तिनं ती बाजूला केली नाही. चादरीआडून बोलणं सोपं होतं.

"वर्ग मला मिळाला."

"मिळणारच होता."

"त्या दिवशी कॉफी फार गरम होती का?"

"थंडगार."

"मग ढोसलीत कशाला तशी? जिवावर बेतल्यासारखी?"

पलीकडे पट्ट्याची कडी वाजली. मग तो म्हणाला, "आनिसा, मुलगी मागायला कुणी पाना घेऊन जात नाही. आईला घेऊन जातं. इस्त्रीचा शर्ट घालून जातं. मी कप तसाच ठेवला असता तर लोक म्हणाले असते, वायर जोडता जोडता पोरगीही मागून घेतली."

रनीमनं चादरीचं टोक मुठीत धरलं. "म्हणजे... मागायची होती?"

उत्तर नाही.

तिनं चादर बाजूला केली. "ऐन अडकला का घशात?"

"अडकला," तो म्हणाला, आणि हसला. "शुक्रवारी येऊ? आईला घेऊन?"

"असं लगेच मिळत नसतं. आधी इथपर्यंत पोच आहे का ते बघावं लागतं."

"मीटरचा नंबर देतो."

"नंबर नको. वर जाणारा वेग सांगा."

"खांब बघा," यझन म्हणाला. "तुमची काही तक्रार नसताना चढलोय."

शुक्रवारी तो आला. पांढरा शर्ट, इस्त्री इतकी कडक की हात दुमडेना. शेजारी त्याची आई, हातात मिठाईचा डबा. रनीमनं कॉफी आणली. यझननं कप घेतला आणि टेबलावर ठेवला. या वेळी अगदी हळू, सगळ्यांना दिसेल असा.

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "आज कुठली वायर?"

"वायर नाही, अम्मो."

बाबा काहीच बोलले नाहीत. मुद्दाम. कॉफीवरची वाफ विरत चालली. यझनच्या आईनं ओढणीच्या टोकाशी चाळा सुरू केला. यझननं एकदाच रनीमकडे पाहिलं, आणि तिला कळलं, न दिसणारा उजेड डोळ्याला कसा लागतो ते.

खरं तर हे मोठ्यांनी म्हणायचं असतं. पण तिच्यानं राहवलं नाही.

"थंड होतेय," रनीम म्हणाली. "प्या."

आईनं तोंडावर हात ठेवला. बाबांनी लेकीकडे बघितलं, मग छताकडे, मग धुराड्याच्या भोकाकडे, जणू सगळा दोष त्या भोकाचा. मग मान हलवली. हो अशी.

यझन कॉफी प्यायला. सावकाश, एकेक घोट, गाळ मागे ठेवून.

"पण एक सांगतो," बाबा म्हणाले. "हिला आजच न्यायची नाही."