स्कंकच्या कातड्यावरची गोष्ट

बाहेरच्या ओढ्यात बेडूक ओरडला आणि डीलियाने गोष्ट तिथेच थांबवली.

फेब्रुवारीचा शेवट होता. बार्टल्सव्हिलच्या सभाघरात चौथीची मुलं मांडी घालून बसली होती. लेनापे आदिवासींच्या घरांत पूर्वी दिवस कसा जायचा ते डीलियाने सकाळभर त्यांना दाखवलं होतं. लाकडी उखळात मका कसा कांडायचा, झाडाच्या सालींचं घर कसं शाकारायचं, आणि लग्न कसं ठरायचं. मुलाने मुलीच्या दारी शिकारीतलं काहीतरी आणून ठेवायचं. घरच्यांनी ते ठेवून घेतलं, की ठरलं. मग तिने एक गोष्ट सांगायला घेतली. होडीतली मुलगी, हातातून निसटलेलं वल्हं, पलीकडच्या काठावर उभा असलेला मुलगा... आणि तेवढ्यात हा बेडूक.

"बेडूक जागे झाले, म्हणजे हिवाळा संपला," ती म्हणाली. "उरलेली गोष्ट गवतावर पहिलं बर्फ धरल्यावर."

मुलं कुरकुरत उठली. त्यांचे मास्तर मात्र उठेचनात.

"म्हणजे ती तोवर होडीतच? आठ महिने?"

"आम्हा लेनापेंचा नेम आहे. उन्हाळ्यात गोष्ट सांगितली की किडे मागे लागतात."

"मीही लेनापेच आहे हो. क्लेटन. पण वाढलो कॅन्ससमध्ये. हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तरीच मघाशी मुसळ उलटं धरलं होतंत," डीलिया म्हणाली. "जाड टोक वर असतं."

पुढच्या शनिवारी क्लेटन मुसळ सुलटं धरायला शिकायला डीलियाच्या घरी आला. त्याच्या पुढच्या शनिवारी सालींचं घर शाकारायला. मग शनिवार त्याचाच झाला. मका कांडता कांडता तो हळूच मान वर करायचा, आणि डीलिया नेमकी तेव्हाच चाळणीत काहीतरी शोधत असायची.

"तिला वल्हं सापडतं का, एवढंच सांग," जूनमध्ये तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"नाही."

"सापडत नाही?"

"सांगत नाही."

कोपऱ्यात शेंगा सोलणारी डीलियाची रोएना आत्या हसू दाबायची.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी तो उखळाशी नुसताच उभा राहिला. "तिकडे कॅन्ससमध्ये, टोपेकाच्या शाळेत शिकवायला घेतलंय मला," तो म्हणाला. "येत्या रविवारी निघायचंय."

"बरं झालं," डीलिया म्हणाली, आणि मक्याच्या पेजेत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

बर्फ पडायला अजून अडीच महिने. एकदा गेलेला माणूस गोष्टीच्या शेवटासाठी कुठे परत येतो? थांब म्हणावं, तर त्याने तसं काही विचारलंच नव्हतं. आणि नेम मोडणं तिच्या रक्तात नव्हतं.

तो निघाला तेव्हा आत्याने त्याला दारात थांबवून काहीतरी सांगितलं.

"काय सांगितलंस गं?"

"शेंगा सोल," आत्या म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, डीलियाच्या अंगणात जेवायला आलेले वीसेक पाहुणे होते. डीलिया त्यांना द्राक्षांच्या रसात शिजवलेली कणकेची फळं वाढत होती. आधी वास आला. मग क्लेटन आला, आणि त्याने हात लांब धरून आणलेलं ते काळं, पांढऱ्या पट्ट्याचं कातडं. स्कंकचं, म्हणजे घाण वासाचा फवारा सोडणाऱ्या त्या प्राण्याचं. सगळ्या पाहुण्यांना एकदमच आपापली कामं आठवली. अंगण रिकामं झालं.

"आत्या म्हणाल्या, यावर बसलं की किडे जवळ येत नाहीत," क्लेटन म्हणाला. "मग भर उन्हाळ्यातही गोष्ट सांगता येते."

आत्याने नाकाला पदरासारखा ॲप्रन लावला. "अरे शहाण्या, 'मी स्कंकच्या कातड्यावर बसलेय' असं नुसतं म्हणायचं असतं. पूर्वीपासून तसंच चालत आलंय. खरंखुरं कुणी आणतं का?"

क्लेटनने कातड्याकडे पाहिलं. "मी चार दिवस घासतोय हे. घरमालकिणीने मला गॅरेजमध्ये झोपायला लावलं."

"शिकार केलीस?" डीलियाने विचारलं.

"मी नाही... ट्रकने."

डीलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. वासाने की हसण्याने, देव जाणे. तिने कातडं झाडाखाली अंथरलं आणि त्यावर नीट बसली. "मी स्कंकच्या कातड्यावर बसलेय," ती किड्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, आणि गोष्ट पुढे सुरू केली.

"मुलगा दिवसभर काठावर उभा राहून नुसता बघत होता. शेवटी मुलगी कंटाळली. होडीतून ओरडली, पाण्यात उतरणार आहेस, की उभ्या उभ्या म्हातारा होणार आहेस?"

"मग?"

"संपली."

"तो उतरतो का?"

"ते गोष्टीत नाही. मला जेवढी सांगितली, तेवढीच मी सांगते."

झाडावर किडे किरकिरत होते, पण लांबून.

"मला पोहता येत नाही," क्लेटन म्हणाला. "पण टोपेका तीन तासांवर आहे. दर शनिवारी येता येईल... म्हणजे, तुला चालणार असेल तर. मला त्या वल्ह्याचं एवढं काही नव्हतं, डीलिया – पहिल्या दिवसापासून नव्हतं."

डीलिया उठली. कातडं उचललं.

"दे, टाकून येतो," तो ओशाळून म्हणाला.

तिने दिलं नाही. ओसरीवर गेली आणि दाराशेजारच्या खिळ्याला ते टांगलं.

"अगं, ते दारात कशाला?" आत्या कळवळली.

"मुलाने आणलंय," डीलिया हळूच म्हणाली. "ठेवून घेतलं."

चौथीच्या मुलांना हा धडा तोंडपाठ होता. मास्तरांना तो आठवायला जरा वेळ लागला. आठवला, तेव्हा ते ओसरीकडे इतक्या घाईने निघाले, की वाटेतल्या उखळाला अडखळून पडले.