शेंकांच्या घरातली न उघडलेली खिडकी

इतक्या लांबून गाडी हाकत आलीस आणि आई म्हणतेय मुक्काम करू नकोस. राग येणारच, रेजिना. ये खुशाल. कॉफी घे, पावाला सफरचंदाचा मुरांबा लाव आणि मी सांगते ते मधे न बोलता ऐक. उजेड आहे तोवर तुला इथून काढायचं आहे मला.

गेल्या हिवाळ्यात सालोमे मावशीनं मला एक काम सांगितलं. काम साधंच. आपल्या घरातला पहिला माणूस, स्वित्झर्लंडहून आलेला उलरिख शेंक, कधी आणि कुठं मेला ते शोधायचं. घरच्या बायबलात त्याचा जन्म आहे, जहाजावर चढल्याची तारीख आहे, लग्न आहे. मरण नाही.

"मावशी, अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस तो. आता त्याचं काय?"

"माझं अडलंय ना," ती म्हणाली. एक्क्याण्णव वर्षांची, पोटात गाठ, वेदनांनी नुसती पिळवटून निघत होती. डॉक्टरनं दोन आठवडे सांगितलेले, त्याला दोन महिने झाले होते. "मला जाता येत नाहीये गं. या खोलीतून कुणालाच जाता आलेलं नाही. ती खिडकी बघ."

वरच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी, अगदी छपराखाली, वीतभर झडप आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरातून आलेल्या आपल्या लोकांची जुनी रीत. घरात कुणी गेलं की ती उघडायची, आत्म्याला वाट द्यायची आणि लगेच लावून घ्यायची. एरवी तिला हात लावायचा नाही. उपदेशक नाकं मुरडायचे, लोक उघडायचेच. आपल्या घरात मात्र ती खिळे ठोकून बंद. का, ते मावशीच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं.

"कारण कळल्याशिवाय खिळे काढायचे नाहीत," मावशीनं बजावलं. "कुणी ठोकले, कशासाठी ठोकले, ते आधी शोध."

तीन आठवडे मी लँकेस्टरच्या दप्तरखान्यात धूळ खाल्ली. शेवटी सतराशे अठ्ठ्याहत्तरची एक यादी हाती लागली. इंग्रज राजाशी स्वातंत्र्याची लढाई जुंपलेली, नवं सरकार ज्याला त्याला निष्ठेची शपथ घ्यायला लावत होतं. आपल्या पंथाचे लोक शपथ घेत नाहीत नि बंदूकही धरत नाहीत. उलरिखला पकडायचा हुकूम निघाला होता. पुढं शेरा: सापडला नाही.

उरलेलं चर्चच्या मंडळीच्या जुन्या वहीत मिळालं. उलरिखच्या बायकोनं, वेरेनानं, सगळ्यांसमोर दिलेली कबुली. मला ती पाठ झालीय. नवरा वरच्या खोलीत लपलेला असता तापाने वारला. दाराशी पहारा होता. पहारेकरी शेजारचेच, रीत जाणणारे. खिडकी उघडती तर घरात मरण झाल्याचे त्यांना कळते, आणि त्याला लपवल्याबद्दल शेत जाते. म्हणून उघडली नाही. पहारा उठल्यावरही उघडली नाही. विचारता म्हणाली, तो अजून इथे आहे, मी त्याला जाऊ देणार नाही.

मावशीला वाचून दाखवलं.

"जीव होता गं बाईचा त्याच्यावर," ती म्हणाली. "पण आमची सगळ्यांची वाट अडवली मेलीनं. काढ खिळे. आणि मी बाहेर पडेपर्यंत लावायची नाही. शब्द दे."

मी दिला.

दुपारचे चार वाजले होते. बर्फ पडत होतं, वारा सरळ त्याच भिंतीवर येत होता. पकडीनं खिळे उपसले, झडप उघडली. बर्फ आत यायला हवं होतं. ते झडपेशी येऊन मागे सरत होतं... आतून कुणी फुंकर घालावी तसं.

खोलीत ओल्या लोकरीचा वास आला.

"उलरिख..." मावशी पुटपुटली. मग जरा हसली. "वेरेना... निघाली बघ नवऱ्याच्या मागं."

मी काहीच पाहिलं नाही. नुसते वास येत होते, एकामागून एक, माझ्या खांद्याला घासून जाणारे. दुधाचा. औषधाचा. मावशी जाणाऱ्या एकेकाचं नाव घेत होती, "क्रिस्टियान... बार्बरा..." तंबाखूचा वास आला तेव्हा आजोबांना मीच ओळखलं.

आणि मग खळीचा वास आला. रविवारच्या टोप्यांना इस्त्री केल्यावर तुझ्या आजीच्या हातांना यायचा तो.

"लिडिया," मावशी म्हणाली.

माझी आई होती गं ती. अकरा वर्षांनी माझ्या इतक्या जवळ आली होती, आणि निघाली होती. मी खिडकी लावली. विचार कसला नि काय, दोन्ही हातांनी दाबून धरली.

"उघड... अगं, माझी पाळी आहे..."

"उघडते मावशी, जरा थांब..."

"शब्द दिलायस..."

मागं वळले तेव्हा ती संपली होती. डोळे उघडे, माझ्यावर लागलेले. तेव्हा तरी उघडायला हवी होती. नाही उघडली. मावशीबरोबर आईही गेली असती. जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं तिला मी तिथं कोंडलं, आणि दफनाला सगळ्यांच्या पुढं उभी राहून रडले.

तेव्हापासून रोज चार वाजता वरून मावशीचा आवाज येतो. "लिडिया..." जरा वेळानं, "सालोमे..." मग वाट बघते.

परवा मी ठरवलं, बास झालं. वर गेले. म्हटलं, जा आई. मावशी, मला क्षमा कर, तूही जा. कडीला हात घातला. दोघींची नावं झाली. आणि तिसरं नाव आलं.

माझं असतं ना, तर त्याच क्षणी उघडली असती. चौसष्ट वर्षं जगले, पुरे झालं. पण तिनं तुझं नाव घेतलं, रेजिना.

आता कळलं मी का हाकलतेय ते? ऊठ, कोट घाल. मघाशी मी तुला जिन्यातून खाली ओढलं तेव्हा म्हणालीस, "अगं, तूच तर वरून हाक मारलीस."

ती हाक आली तेव्हा मी परसात लाकडं गोळा करत होते, बाळा.