बाईंचा फर्मा

करडाचं कातडं फार मऊ. ओलं असताना ज्या फर्म्यावर ताणाल, त्याचंच होऊन बसतं. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाचं लाकडी पाऊल. आमच्या वडिलांचा दंडकच होता, गिऱ्हाईक वारलं की त्याचा फर्मा त्याच दिवशी फोडायचा. शाळेतल्या बाई गेल्या, तेव्हा त्यांचा मी फोडला नाही. लाकूड चांगलं होतं आणि माप माझ्या बायकोला तंतोतंत जुळत होतं. आळस म्हणा, चिक्कूपणा म्हणा.

बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. एक दिवस म्हणाली, "चालत नसले म्हणून काय झालं? मऊ बूट तरी घाल ना माझ्या पायांत." दोन वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. बाईंच्या त्याच फर्म्यावर मी जीव ओतून करडाच्या कातड्याचे बूट शिवले.

दुपारी ते तिच्या पायांत चढवले आणि चहा टाकायला आत गेलो. मागे पावलं वाजली... बायको दारात उभी! मला हसू आवरेना, रडूही आवरेना.

तिसऱ्या दिवशी ते बूट पुसायला दुकानात आणले. बुटाला पडलेल्या घडीवरून माणसाची चाल कळते, त्यावरच तर माझं पोट चालतं. डाव्या बुटाची घडी तिरकी होती, करंगळीकडे उतरलेली. माझी बायको अशी कधीच चालली नाही. बाई चालायच्या.

डोक्याचा नुसता भुगा झाला. फर्मा फोडावा, तर ती पुन्हा खाटेवर पडेल. न फोडावा, तर... चालतंय कोण? आनंद मानू की भिऊ, तेच कळेना. शेवटी उचललेली कुऱ्हाड खाली ठेवून बायकोलाच विचारायला घरात गेलो.

बूट माझ्या हातात होते, तरी ती खिडकीशी उभी होती. मला पाहून हसली, ओळखीचं, पण परक्यासारखं.

"झाले का हो बूट, कारागीर? निघते आता. मुलगी एकटीच आहे घरी."

"अगं... आपल्याला कुठे मुलगी आहे?"

बाईंनाही नव्हती. त्या तर एकट्याच राहायच्या.

ती माझ्याइतकीच गोंधळली, शपथेवर सांगतो. "हो रे..." हळूच म्हणाली, "मग मला हाका कोण मारतंय?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

दोन वर्षांनी आपल्या पायांवर उभी राहिलेली माझी बायको दार उघडायला निघाली, आणि तिला अडवावं की नाही, हेच मला सुचेना.