पुसलेली सात नाटकं

फोन आला तेव्हा सूनबाई एका जुन्या टेपवरची बुरशी कापसाच्या बोळ्यानं पुसत होती.

"तुमच्या लोकांनी मला पुसलंय," पलीकडून सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आत्ता त्या दिग्दर्शकाचा फोन होता. शुक्रवारी त्याच्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. 'सात रंगीत नाटकं'. लेखक कोण? तो. मला पहिल्या रांगेत बसायला बोलावलंय. वर म्हणतो, तुम्ही टाइप फार सुंदर केली होती हो!"

सूनबाई टीव्ही केंद्राच्या टेप-भांडारात कामाला होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, टीव्हीला नुकताच रंग फुटला तेव्हा, सासूबाई याच केंद्रात टायपिस्ट होत्या. दिवसा त्यांनी इतरांची पत्रं टाइप केली आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःची सात नाटकं. असं त्यांचं म्हणणं होतं. संहिता रेकॉर्डिंगनंतर रद्दीत गेल्या; उरल्या त्या फक्त नाटकं बसवणाऱ्या त्या दिग्दर्शकाच्या प्रती. सहा नाटकं एकेकदा दाखवली गेली. सातवं ऐन दिवशी रद्द झालं आणि त्याच्या जागी माशांवरचा माहितीपट लागला.

"सातही नाटकांच्या सुरुवातीला पाटी होती. लेखन म्हणून माझं नाव होतं," सासूबाई म्हणाल्या. "ती पाटी शोध. शुक्रवारच्या आत. नाहीतर मी मरेपर्यंत टायपिस्ट आणि तू मरेपर्यंत सून."

धमकी गंभीर होती. सूनबाईनं रजिस्टर काढलं.

टेप क्रमांक चारशे अकरा ते चारशे सतरा. सात ओळी, प्रत्येकीपुढे एकच शेरा : पुसले. त्या काळी टेपांचा तुटवडा असे. कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि त्याच नंबरावर दुसरं काहीतरी भरायचं, असा नियम होता. शेजारच्या रकान्यात ते दुसरं काहीतरीही होतं : मत्स्यपालन, भाग दोन ते आठ. खाली तेव्हा भांडार सांभाळणाऱ्या टेपमास्तरची सही.

म्हणजे सासूबाई माशांच्या खाली गेल्या होत्या.

टेपा बघाव्यात तर त्या चालवणारं एकुलतं एक जुनं यंत्र टेबलावर आतडी काढून पडलं होतं. मेकॅनिक म्हणाला, "उद्या दुपारी. आणि मासेच बघायचे तर घाई कसली?"

रात्री घरी सासूबाई आणि सासरे समोरासमोर जेवायला बसले होते. मध्ये टेबल होतं, म्हणून बरं. सासरे त्याच केंद्रात फ्लोअर मॅनेजर होते. कानाला हेडफोन लावून नटांना हातवाऱ्यांनी 'सुरू', 'थांबा' सांगणं हे त्यांचं काम. घरात ते अजूनही हातवाऱ्यांनीच बोलत, फक्त 'थांबा' एवढंच.

"पुसलं तर पुसलं," ते म्हणाले. "कोण रडतंय?"

"मी!" सासूबाई म्हणाल्या.

"बाबा, सातवं नाटक तुम्ही पाहिलं होतंत?" सूनबाईनं विचारलं.

"पाहणार कुठून? रेकॉर्डिंगला मी फ्लोअरवर उभा. प्रसारणाच्या दिवशी पडद्यावर मासे. त्यानंतर दिसलंच नाही कुणाला."

"मग तुम्हाला नाटकाचा एवढा राग कशाचा?"

"नाटक कसलं? दवाखान्यातला एक पलंग, त्यावर एक नवरा, आणि ती नर्स! बर्फासारखी पांढरी, कडेनं निळी झाक. ट्यूबलाइटला पाय फुटल्यासारखी पलंगाभोवती फिरते. पेशंट तिला बघूनच मेला असता."

"पेशंट मरत नाही," सासूबाई थंडपणे म्हणाल्या. "तीच तर नाटकातली शोकांतिका आहे."

सासऱ्यांनी 'थांबा'चा हात केला. जेवण तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई टेपमास्तरकडे गेली. निवृत्त होऊन त्याला वीस वर्षं झाली होती. त्यानं दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली.

"नाटकं मी पुसली नाहीत," मिशी म्हणाली.

"मी अजून विचारलं नाही."

"सगळे तेच विचारायला येतात."

"सही तुमची आहे."

"सही माझी, मी नव्हतो. त्या आठवड्यात मला गालगुंड झालं होतं. चौतिसाव्या वर्षी! ऑफिसात सगळे हसले."

"मग सही कशी?"

"मी महिन्याच्या सगळ्या पानांवर एक तारखेलाच सह्या करून ठेवायचो. काम वेगानं व्हायचं."

"आणि वर लोकांनी काहीही लिहावं?"

"लोकांवर विश्वास ठेवावा लागतो, बाई." हे तो साखळीआडून बोलत होता.

"भांडाराच्या किल्ल्या कुणाकडे असत?"

"एक माझ्याकडे. ती माझ्याबरोबर घरी. दुसरी दिग्दर्शकाकडे. तिसरी तुझ्या सासऱ्याकडे. जा, त्याला छळ. मला त्या आठवड्याचं काही सांगू नकोस. ताप, सूज, आणि टीव्ही लावावा तर मासे! तोच एक माहितीपट. पुढं वर्षभर काही बिघडलं की तोच. बावीस वेळा लावला. मी त्यातले मासे चेहऱ्यावरून ओळखतो."

दार बंद झालं.

केंद्राची जुनी कपडेवाली आता गल्लीच्या टोकाला कपडे अल्टर करून द्यायचं दुकान चालवत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे शिव्या जरा गाळून येत होत्या.

"सातवं नाटक? नाव काढू नकोस. त्या नर्सनं माझा जीव खाल्ला."

"का?"

"ते पहिले रंगीत कॅमेरे. त्यांना पांढरं सोसायचं नाही. पांढरं दिसलं की पडद्यावर नुसता भडका. म्हणून सगळं पांढरं आम्ही चहात बुडवायचो. डॉक्टरचा कोट चहात, उशीचे अभ्रे चहात. पडद्यावर मग ते पांढरं दिसायचं म्हणे."

"आणि डोळ्यांना?"

"डोळ्यांना चहा! नर्सचा गणवेश तर दोनदा बुडवला. पार बिस्किटाच्या रंगाचा झाला. ती पोरगी आरशात बघून रडली. म्हणाली, मी नर्स आहे की गोणपाट? अख्खा फ्लोअर हसत होता. तुझा सासरा सगळ्यात मोठ्यानं. तिला 'पोतं, पोतं' म्हणून हाक मारत होता दिवसभर. त्याला सांग, मी विसरले नाही."

सूनबाई दुकानाच्या पायरीवर क्षणभर थबकली. मग तिनं दिग्दर्शकाचा पत्ता काढला.

दिग्दर्शक एका रिकाम्या सभागृहात स्वतःच्या सत्काराची तालीम घेत होता. तो शाल स्वीकारून बघत होता, वेगवेगळ्या कोनांतून.

"तुमच्या सासूबाईंचं माझ्या मनात अतिशय मानाचं स्थान आहे," तो म्हणाला. "टायपिस्ट म्हणून."

"सातव्या नाटकातल्या नर्सचा गणवेश कुठल्या रंगाचा होता?"

"हा काय प्रश्न झाला?"

"लेखकाला सोपा असावा."

"राखाडी," तो चिडून म्हणाला. "मला सगळंच राखाडी दिसायचं. आमच्या कंट्रोल रूममधला रंगीत मॉनिटर मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये नेला होता, क्रिकेट बघायला. मी सातही रंगीत नाटकं काळ्या-पांढऱ्यात दिग्दर्शित केली. आहे कुणाची छाती?"

"सातवं रद्द का झालं?"

"साहेबांना निनावी पत्र आलं. म्हणे यातला नवरा एका खऱ्या, जिवंत, सज्जन माणसावर बेतलेला आहे, सबब प्रसारण करू नये. साहेब घाबरले. त्यांना वाटलं, तो माणूस तेच आहेत."

"तेव्हा भांडाराची एक किल्ली तुमच्याकडे होती."

"होती. पण मला टेप लावायला तरी येते का? विचारा कुणालाही. मला आजही रिमोट चालवता येत नाही. आणि आता शोधून काय मिळणार तुम्हाला? मासे!"

"मग दुपारी मासे बघायला या," सूनबाई म्हणाली. "घाबरत नसाल तर."

तो घाबरत नव्हता. तीन वाजता केंद्राच्या टेप बघायच्या खोलीत चार खुर्च्यांवर सूनबाईनं बोलावलेली चार माणसं बसली आणि चौघांनीही एकमेकांकडे पाठ फिरवायचा प्रयत्न केला. छोट्या खोलीत ते भूमितीनं शक्य नव्हतं. दिग्दर्शक, टेपमास्तर, सासूबाई, सासरे. यंत्र दुरुस्त होऊन घरघरत होतं. सूनबाईच्या हातात चारशे सतरा नंबरची टेप होती. डब्यावर चिठ्ठी होती : मत्स्यपालन, भाग आठ.

"लाव की," दिग्दर्शक म्हणाला. "मला शालीचं बघायचंय अजून."

"आधी बोलते. सातही टेपांवर मासे आहेत असं रजिस्टर सांगतं. पंचेचाळीस वर्षं सगळे तिथंच थांबले, कारण माशांचा आठवा भाग लावून बघायला कोण येतंय? पण टेपमास्तर, माहितीपट किती होते?"

"सांगितलं ना, एक."

"एक. तोच बावीस वेळा लागला. तुमच्याकडे दोन ते आठ हे भाग असते, तर तुम्ही एकच बावीस वेळा लावला असता?"

टेपमास्तर विचारात पडला. "नाही. मी पण माणूस आहे."

"म्हणजे हे सात भाग कधी बनलेच नाहीत. कुणीतरी तुमच्या कोऱ्या सहीवर 'पुसले' लिहिलं आणि डब्यांवर माशांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. हे त्याच आठवड्यात झालं, तुम्ही घरी होतात तेव्हा. त्या वेळी किल्ल्या दोघांकडे होत्या."

सगळ्यांनी दिग्दर्शकाकडे पाहिलं.

"मी नाही!" तो ओरडला. "टेपा आहेत हे माहीत असतं, तर मी पुस्तक छापलं असतं का?" मग आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं खोकल्याचं नाटक केलं. दिग्दर्शनाच्या मानानं अभिनय सामान्य होता.

"ते नाहीत," सूनबाई म्हणाली. "त्यांनी नाटक फक्त राखाडी पाहिलं. फ्लोअरवरच्यांनी नर्स पाहिली ती चहाच्या रंगाची. पांढरी नर्स फक्त एकाच ठिकाणी दिसू शकते. ही टेप रंगीत पडद्यावर लावली तर. आणि काल रात्रीच्या जेवणाला एक माणूस म्हणाला, ती बर्फासारखी पांढरी होती. दिवसभर ज्यानं तिला 'पोतं' म्हटलं, तोच."

सासऱ्यांनी हात वर केला. 'थांबा.'

सूनबाई थांबली नाही. "नर्स म्हटलं की पांढरी, असं कुणीही बोलून जाईल. पण तुम्ही निळी झाक म्हणालात, बाबा. जुन्या कॅमेऱ्यात रंगांच्या तीन नळ्या असायच्या. त्या नीट जुळल्या नाहीत की पांढऱ्याच्या कडेला निळी रेघ उमटते. मी रोज बघते. कापडावर ती नसते. ती फक्त पडद्यावर असते."

सासऱ्यांनी वर केलेला हात खाली घेतला.

"तो नवरा माझी वाक्यं बोलत होता," शेवटी सासरे म्हणाले. "शब्दन् शब्द. 'मीठ कमी आहे, पण चालेल, आपलं नशीबच अळणी.' फ्लोअरवर सगळे पोट धरून हसत होते, आणि मी त्यांना हातानं खूण करत होतो, अजून मोठ्यानं बोला म्हणून. ते माझं काम होतं."

"म्हणून पत्र पाठवलंत," सासूबाई म्हणाल्या.

"आणि पुसायला गेलो. एकच पुसलं असतं तर संशय आला असता, सातही पुसायची होती. पण आधी सातवं लावून बघितलं. एकट्यानं. साहेबांच्या केबिनमधल्या मॉनिटरवर." त्यांनी चष्मा काढला. "चांगलं होतं. वाईट असतं तर पुसलं असतं गं. मग चिठ्ठ्या चिकटवल्या."

"पंचेचाळीस वर्षं? मी घरात ओरडून सांगत होते, ही नाटकं माझी आहेत. पोटचा मुलगा हसायचा मला. तुम्ही समोर बसून भात कालवत होतात!"

"काय सांगणार होतो? की ते माझ्यावर आहे?"

"तुमच्यावर एकच होतं! बाकी सहांत तुम्ही नव्हतात! सहा नाटकांत तुमचा साधा उल्लेख नाही!"

हे सासऱ्यांना नवीन असावं. आरोपाच्या मानानं त्यांचा चेहरा या माहितीनं जास्त पडला.

दिग्दर्शक दाराकडे सरकत होता. टेपमास्तरनं खुर्ची दारात नेली आणि तिच्यावर बसून मिशी पुसली. "बस रे," तो म्हणाला. "माझ्या सहीवर पंचेचाळीस वर्षं डाग होता. आता मासे बघूनच जा."

सूनबाईनं टेप लावली. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग रंगांचे पट्टे, मग काळोख. मग एक पाटी हळूहळू उजळली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, जरा थरथरणारी. लेखन, आणि खाली एक नाव.

सूनबाईनं टेप तिथंच थांबवली. दिग्दर्शक स्वतःच्या बुटांकडे बघत होता. सासूबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी खुर्ची पूर्ण वळवून घेतली होती, नवऱ्याकडे.

"मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोचं पूर्ण नाव उच्चारलं.

"ऐकू आलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा."