प्रमिलाबाईंना दिसतं कसं?

"ही बाई एक तर थापा मारतेय, नाहीतर तुमचं शास्त्र चुकलंय," डॉ. शर्वरी घैसास वैतागून म्हणाल्या. मिरजेच्या दृष्टिसंशोधन केंद्रात त्या स्थिरलोपाच्या रुग्णांचं रोजचं जगणं कसं चाललंय, याची पाहणी करत होत्या. आजार दुर्मीळ, आणि होतो तो म्हातारपणीच. बाकी सगळे रुग्ण खचून घरात बसलेले. हुक्केरींच्या प्रमिलाबाई मात्र सांगत होत्या, झकास चाललंय, तांदूळसुद्धा निवडते!

"तांदूळ? छे, अशक्य!" केंद्राचे प्रमुख डॉ. मुजावर म्हणाले. शर्वरी वृद्धांच्या डॉक्टर, डोळ्यांच्या नव्हेत. म्हणून मुजावरांनी मुळापासून सुरुवात केली. "आपण टक लावून बघतो ना, तेव्हाही डोळा बारीक थरथरत असतो. हा सूक्ष्मकंप थांबला, की चित्र डोळ्यातल्या पडद्यावर एकाच जागी पडून राहतं आणि मेंदू ते पुसून टाकतो. अंगातल्या कपड्याचा स्पर्श थोड्या वेळानं जाणवेनासा होतो, तसंच. या लोकांचा सूक्ष्मकंप थांबलाय. उडता कावळा दिसेल. तो फांदीवर बसला, की गेला! नजर वळवली तर वस्तू क्षणभर दिसते आणि विरते. ताटातले तांदूळ काय उडतात?"

प्रमिलाबाईंना बोलावणं गेलं. नवऱ्याला बाहेर बसवून त्या एकट्याच आत आल्या. जाड भिंगांचा चष्मा लावून खुर्चीवर ताठ बसल्या.

"आजी, टेबलावर काय आहे?" शर्वरींनी विचारलं.

"टेबल आहे होय इथं?" मग त्या ओशाळल्या. "घरी दिसतं हो. हे मागं उभे राहिले की सगळं दिसतं. धीर येतो म्हणून असंल."

"धीरानं दिसत नसतं," मुजावर हसले.

"ते राहू द्या. तुम्ही आधी आमच्या यांना समजवा. कंपवात आहे. चहा अंगावर सांडून छाती भाजून घेतली. मेंदूचं ऑपरेशन केलं की थरथर थांबते म्हणतात. पण हे ऐकतील तर शपथ!"

बसवंतरावांना आत बोलावलं. ते सवयीनं बायकोच्या खुर्चीमागं उभे राहिले आणि त्यांनी तिच्या चष्म्याच्या काडीवर बोटं टेकली.

"अगंबाई! कुणाचा चहा हा? साय धरली की वर," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मुजावर उठूनच उभे राहिले. "हात थरथरतो, म्हणून भिंग थरथरतं, म्हणून चित्र हलत राहतं! डोळ्यानं सोडलेलं काम आजोबांचा हात करतोय!"

शर्वरींना हसू आलं नाही. "आजोबा, तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून ऑपरेशन नको म्हणता?"

"एकदा हिचा चष्मा सरळ करायला गेलो, तेव्हा कळलं," बसवंतराव खाली बघत म्हणाले. "हात थांबला तर हिला काय दिसणार?"

"आणि मला बोलला नाहीत!" प्रमिलाबाई कडाडल्या.

"आपण कंपचष्मा बनवू," मुजावर घाईनं म्हणाले. "वेळ मात्र लागेल. एकसारखी थरथर मेंदू ओळखतो आणि तीही पुसून टाकतो. माणसाच्या हातासारखी वेडीवाकडी हवी."

प्रमिलाबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. "पुढं या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "समोर बसा. हात राहू द्या तिथंच."

बसवंतराव समोर बसले. डोळ्यांच्या आजारापासून त्यांची थरथरती बोटं आणि बोलताना हलणारे ओठ, एवढेच काय ते तिला नीट दिसले होते. आता आत गेलेले गाल दिसले. गळ्याखाली भाजल्याचे डाग दिसले, ढगळ झालेला सदरा दिसला.

"किती वाळलात हो!" ती म्हणाली. "सगळं घर दाखवलंत, आणि स्वतः तेवढे मागं राहिलात."

मग तिनं आपल्याच हातानं चष्मा काढला आणि मिटून मांडीवर ठेवला.

"डॉक्टर, ऑपरेशनची तारीख सांगा."

"अगं, पण तुझं ते यंत्र..."

"यंत्र होईस्तोवर मी थांबते. तुम्ही का म्हणून थांबायचं?"